आयत्या वेळचे विषय

दिंडोशीतल्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा ही खरं म्हणजे बटाटेवड्यांची सभा. नोटिशीत नऊ विषय असतात. आठांपर्यंत मंडळी जांभया देतात आणि नवव्याला, वड्यांचा वास आला की, दोन्ही हात वर करतात. नववा विषय ठरलेला : 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. यंदा त्यात गच्चीवर मोबाईलचा मनोरा उभारण्याचा ठराव आला. मृणालताई गोऱ्यांच्या नागरी निवाऱ्याच्या शेजारी राहून गप्प बसणं बरं दिसत नाही, म्हणून मी उभा राहिलो. चिटणीस म्हणाले, "काका, वडे गार होताहेत." मनोरा मंजूर झाला. वडा मीही खाल्ला, हे कबूल करतो.

"पार्लमेंटात तरी काय निराळं असतं?" असं सौभाग्यवती म्हणाली. मी लोकसभेचे नियम काढून बसलो. नियम ७९ : दुरुस्तीची सूचना आदल्या दिवसापर्यंत आली नसेल, तर कोणीही सदस्य हरकत घेऊ शकतो आणि ती हरकत टिकते, मात्र अध्यक्षांनी परवानगी दिली की बारगळते. शब्द ओळखीचे वाटतात ना? आमच्या वार्षिक सभेला चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते. देशाच्या कायद्यातल्या दुरुस्तीला एक दिवस पुरतो, आणि तोही माफ होऊ शकतो.

२०१७ चं वित्त विधेयक घ्या. १ फेब्रुवारीला अरुण जेटलींनी ते मांडलं. मार्चमध्ये, मंजुरीच्या तोंडावर, त्याला सरकारी दुरुस्त्यांचं शेपूट फुटलं. पॅनला आधार जोडा, काही न्यायाधिकरणं दुसऱ्यांत विलीन करा, आणि कंपन्यांनी पक्षांना द्यायच्या देणग्यांवरची मर्यादा उठवा! पूर्वी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देता येई आणि पक्षाचं नाव सांगावं लागे. आता दोन्ही नको. २२ मार्चला लोकसभेत मंजूर. राज्यसभेनं पाच दुरुस्त्या सुचवल्या; लोकसभेनं पाचही नाकारल्या. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं निवडणूक रोखे आणि ही अमर्याद देणगी, दोन्ही घटनाबाह्य ठरवली. मध्ये जवळजवळ सात वर्षं गेली आणि एक लोकसभा निवडणूकही उरकली.

"घाई असते हो," असं कोणी म्हणेल. असेल. स्वल्पविराम चुकला तर आयत्या वेळी खुशाल सुधारा. पण जी दुरुस्ती नवा पैसा, नवी सक्ती किंवा नवी गुप्तता आणते, तिला घाई कसली? मूळ वाक्य आणि नवं वाक्य शेजारी-शेजारी छापा, सभासदांना वाचायला आठवडा द्या, मग हात वर करायला सांगा. न वाचता वर झालेला हात संमतीचा नसतो, तो वड्याचा असतो.

पुढल्या सभेसाठी मी महिनाभर आधी लेखी विषय दिला आहे : 'आयत्या वेळचे विषय बंद करण्याबाबत'. चिटणिसांनी पत्र नीट घडी करून खिशात ठेवलं.

"उत्तम," ते म्हणाले, "आयत्या वेळी घेऊ."