कॅमेरा कुणाच्या हातात?

मागच्या हिवाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या सेलू तालुक्यात किशोरी गटाच्या मुलींचा फुटबॉलचा एक सामना मी मोबाइलवर चित्रित केला. उद्देश फार मोठा नव्हता. मुली लागोपाठ दोन स्पर्धांमध्ये पहिल्याच फेरीत हरल्या होत्या आणि दोन्ही वेळा परतीच्या गाडीत 'कोणामुळे हरलो' यावरून रडारड झाली होती. दोष ठरलेल्या दोन-तीन मुलींवर जायचा. त्यातली एक गोलकीपर. म्हटलं, एकदा सगळ्यांनी मिळून पाहू या.

रविवारी लॅपटॉप लावून बसलो. कागदावर मैदान काढलं, त्याचे सहा चौकोन पाडले आणि आपल्या संघाकडून चेंडू जिथे सुटेल तिथे एक रेघ मारायची असं ठरवलं. तासाभरात भांडण मिटलं. गोलकीपरच्या पुढ्यात रेघा थोड्याच होत्या. सगळी दाटी उजवीकडे, मध्यरेषेजवळ. डावीकडची मुलगी मोकळी उभी असूनही तिच्याकडे चेंडू जातच नव्हता. ती स्वतःला पडद्यावर पाहत होती. म्हणाली, "ताई, मी त नुसती उभीच आहो ना जी!" दुसरी म्हणाली, "तू आवाजच नाही देत."

ज्या मुलीला जन्मापासून 'हळू बोल' असं ऐकवलेलं असतं, तिला मैदानात ओरडून चेंडू मागणं हे चेंडू मारण्यापेक्षा कठीण जातं. एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासात निरीक्षणाच्या पद्धती शिकले, या मुलींबरोबर काही वर्षं काम केलं, तरी हे मला दिसलं नव्हतं. आणखी एक गोष्ट. ती मुलगी गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या वस्तीतली आहे. चेंडू तिच्याकडे न जाण्याशी याचा काही संबंध आहे का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मीही नाही. पुढे विचारावं लागलं, आणि ते बोलणं सोपं नव्हतं.

आमच्या बैठकीत हे सगळं सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, "बायकांवर नजर ठेवणारे काय कमी आहेत, की आता आपणही कॅमेरा घ्यायचा?" आक्षेप खरा आहे. आकडे आणि चित्रण ही पैसेवाल्या संघांची चैन आहे, असंही काहींचं म्हणणं पडलं. ते मात्र मला पटत नाही. 1950 साली चार्ल्स रीप नावाच्या इंग्रज हिशेबनिसाने स्विंडन गावच्या सामन्यात खिशातली वही-पेन्सिल काढून प्रत्येक हल्ल्याची नोंद करायला सुरुवात केली, तिथून फुटबॉलमधली ही मोजणी वाढीला लागली. मात्र याच रीपने निष्कर्ष काढला की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमध्ये होतात, म्हणून चेंडू लांब भिरकावा. मुळात बहुतेक चाली तितक्याच लहान असतात, हे त्याने हिशेबात धरलं नाही. आकडे खरे होते, अर्थ चुकला. म्हणून मोजणीच्या वेळी खेळणाऱ्या मुलीच खोलीत हव्यात.

स्पर्धेत या तयारीला विशेष किंमत असते. गटात तीन सामने, मध्ये दोन-चार दिवस, समोरचा संघ अनोळखी. चुका सुधारायला वेळच नसतो. 27 जुलै 2025 रोजी बासेलमध्ये युरो स्पर्धेचा अंतिम सामना पेनल्टीवर गेला तेव्हा इंग्लंडची गोलकीपर हॅना हॅम्प्टन हिच्या हातावर स्पेनच्या खेळाडू कुठे मारतात याच्या नोंदी होत्या. स्पेनच्या गोलकीपरची तशीच यादी पाण्याच्या बाटलीवर होती. ती बाटली आपण प्रेक्षकांत फेकून दिली, असं हॅम्प्टननेच नंतर हसत सांगितलं. तिने दोन पेनल्टी अडवल्या आणि इंग्लंड जिंकलं.

पण मोजायला आधी सामने लागतात. ऑक्टोबर 2022 मध्ये 17 वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या मुली भुवनेश्वरला अमेरिकेकडून 0-8, मोरोक्कोकडून 0-3 आणि ब्राझीलकडून 0-5 अशा हरल्या. अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत झाला, तो स्पेनने जिंकला. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता. परदेशी प्रशिक्षक होते, शिबिरं झाली. वर्षानुवर्षं गावोगावी न झालेले सामने काही महिन्यांच्या शिबिराने भरून निघत नाहीत. संघाची कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. तिच्या सन्मानार्थ गावात रस्ता बांधायला घेतला, तेव्हा त्याच रस्त्यावर तिचे आईवडील मजुरीला होते. खेळाच्या कुठल्या तक्त्यात हे मावतं?

शरीराच्या नोंदींचा प्रश्न आपल्या आणखी जवळचा. 2019 च्या विश्वचषकाच्या तयारीत अमेरिकेच्या संघाने खेळाडूंच्या पाळीची नोंद ठेवून त्यानुसार आहार-विश्रांतीची आखणी केली, आणि तो चषक त्यांनी जिंकला. पाळी हा विषय मैदानात उघडपणे आला, हे चांगलंच. पण आमच्याकडे मुलीच्या पाळीची तारीख कुणाच्या वहीत जाणार? बहुतेक प्रशिक्षक पुरुष आहेत. 2022 मध्ये विश्वचषकाच्या आधीच, त्याच मुलींच्या संघाच्या एका सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकावं लागलं होतं. आमच्या मुलींनी ठरवलं आहे की ही नोंद ज्या मुलीची, तिच्याच जवळ राहील. 'आज कमी पळते' एवढं सांगितलं की पुरे, कारण विचारायचं नाही.

चित्रणाचा धडा आम्ही फटका खाऊन शिकलो. एका स्पर्धेत आयोजकांपैकी कुणीतरी आमच्या सामन्यातला तुकडा काढला, एक मुलगी पडते तेवढाच, त्यावर गाणं चढवलं आणि गावच्या व्हॉट्सॲप गटात टाकलं. दोन दिवसांत तिच्या भावाने तिचं मैदान बंद केलं. मी घरी तीनदा जाऊन आले. ती अजून परत आलेली नाही. खेळ तिने सोडला नव्हता, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलीच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. मुलीला विचारा, असं तो कायदा वेगळं सांगत नाही. म्हणजे इथेही संमती बहुधा बापाची.

तेव्हापासून आमच्याकडे चित्रण गटाच्या एका जुन्या फोनवरच होतं. त्यात सिमकार्ड नाही. फोन आळीपाळीने मुलींकडे असतो, पाहून झालं की त्या स्वतः पुसून टाकतात. चित्रण शाळेच्या गच्चीवरून करतो. मैदानाच्या कडेला उभं राहिलं तर नुसते पाय आणि धूळ दिसते. वरून मोकळ्या जागा दिसतात, आणि चेहरेही फार ओळखू येत नाहीत. (कडेला उभं राहिलं की दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातल्या रिकाम्या बाटल्याही दिसतात, तो वेगळा लेख.) मोजायचं काय हेही मुलीच ठरवतात. सध्या 'आवाज किती वेळा दिला' हे मोजलं जातं. गच्चीवरून ऐकू येत नाही, म्हणून एक मुलगी वही घेऊन मैदानाच्या कडेने पळते आणि बराच वेळ लिहायचं विसरून स्वतःच ओरडत असते.

संघ अजून जिंकलेला नाही. मागच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीपर्यंत गेला. डावीकडची मुलगी आता चेंडू मागते, कधी मिळतो, कधी नाही.

पुढच्या स्पर्धेच्या प्रवेश अर्जात चित्रणाबद्दल खेळाडूची स्वतःची सही घेतली जावी, असं पत्र मुलींनी आयोजकांना लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. ज्या गटांचे मुलींचे संघ आहेत त्यांनी आपापल्या आयोजकांना असंच पत्र लिहावं. मजकूर हवा असेल तर मुली पाठवतील.