कूलर बैठकीत, उकाडा स्वयंपाकघरात

चंद्रपूरच्या उन्हाळ्याचे कौतुक बाहेरच्यांनाच जास्त. २००७ च्या जून महिन्यात येथील पारा ४९ अंशांच्या घरात गेला होता आणि ब्रह्मपुरीचे नाव तर दर मे महिन्यात देशातील सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत येते. त्यात धूळ. घुग्गुस, दुर्गापूर, बल्लारपूरकडच्या कोळसा खाणी, वीज केंद्राची राख, ट्रकची रीघ. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर तिच्यात बरेच वर होते. म्हणून इथल्या गृहिणी सकाळी नऊलाच खिडक्या लावून घेतात. आपल्या घरांत आणखी एक कारण असते, ते पडद्याचे. खिडकी उघडली की समोरच्या गल्लीतून सरळ आत दिसते.

आणि मग तक्रार येते, "कूलर दिवसभर चालतो, पण अंगाला नुसते चिकचिक होते."

दोष कूलरचा नसतो. ओल्या ताट्यांतून कोरडी हवा ओढली की पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता हवेतूनच जाते. बाहेर ४३ अंश आणि हवा चांगली कोरडी असेल तर कूलरमधून निघणारी हवा पंधराएक अंशांनी उतरलेली असते. पण ती हवा ओलसर असते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते, आणि तीच दमट हवा घाम वाळू देत नाही. कूलर जेवढी हवा आत टाकतो तेवढी बाहेर जायलाच हवी. हाच कूलर जुलैत निरुपयोगी होतो त्याचेही कारण हेच: हवेतच ओल असते, दोन-तीन अंशांपलीकडे फरक पडत नाही.

आता ही वाट कुठे ठेवायची, यात खरी गोम आहे. बहुतेक घरांत कूलर बैठकीच्या खिडकीला असतो. अब्बा, भाऊ, पाहुणे तिथे बसतात. आतल्या स्वयंपाकघरात अम्मी किंवा भाभी गॅसपुढे दोन तास उभी असते आणि तिथले दार बंद, कारण "कूलरची हवा वाया जाते". हे उलटे आहे. बैठकीच्या खिडक्या बंद ठेवा, मधली दारे उघडी ठेवा आणि हवेची वाट स्वयंपाकघरातून काढा. म्हणजे गार हवा आधी बैठकीतून, मग आतल्या खोलीतून आणि शेवटी चुलीजवळून बाहेर पडेल. वाट उंचावर असावी, म्हणजे गॅसची ज्योतही हलत नाही. खिडकीची खालची झडप बंद, वरची उघडी. किंवा छताखालचा झरोका. उंच झरोक्यातून कोणाला आत दिसत नाही, त्यामुळे पडद्याचा प्रश्नही मिटतो. त्या ठिकाणी लहानसा एक्झॉस्ट पंखा लावता आला तर उत्तमच. खर्च कूलरच्या मानाने किरकोळ.

हे आताच सांगण्याचे कारण बकरी ईद. २०२५ मध्ये ती ७ जूनला आली आणि दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत पुढची दोन-तीन वर्षे ऐन मे महिन्यात येणार आहे. कुर्बानीचे गोश्त, मोठी पातेली, दिवसभराचे पाहुणे, सगळा भार त्या एका खोलीवर. कडक उन्हात जोहरची नमाज थोडी थंडावल्यावर अदा करण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. मग दुपारच्या बिर्याणीचा हट्ट कशाला? फजरनंतर शिजवावे, किंवा मगरिबनंतर. दुपारी जे गार खाता येईल ते.

पाण्याबद्दल थोडे. मोठा कूलर कोरड्या दिवशी तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर गवताच्या ताट्यांवर पांढरा थर बसतो, त्यात कोळशाची धूळ अडकते आणि हवा येईनाशी होते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून भरावी. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो, म्हणून आठवड्याचा नियम मोडू नये.

यापेक्षा मोठी गोष्ट शॉकची. विदर्भात एकही उन्हाळा असा जात नाही की कूलरच्या शॉकने कोणी दगावल्याची बातमी येत नाही. लोखंडी पेटी, आत पाण्यात बुडालेला पंप, जुनी वायर, ओली फरशी आणि पाणी भरणारी बाई किंवा मूल. बटण बंद करणे पुरेसे नाही, पिन काढूनच पाणी भरावे. तीन पिनांचा प्लग हवा आणि घराला खरोखरचे अर्थिंग हवे. तिसऱ्या भोकात तार जोडलेली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. मीटरजवळ तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला तर गळती होताच तो वीज तोडतो. एसी घेण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी हे करावे. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट खातो, कूलर दोनशेच्या आसपास. बिलाचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

गडचिरोलीकडच्या गावांत गोष्ट निराळी. मातीच्या जाड भिंती आणि कवेलूचे छप्पर असलेले घर दुपारी बऱ्यापैकी गार राहते. घरकुल आले, वर स्लॅब किंवा टिन आले आणि घर भट्टी झाले. टिनावर, गच्चीवर एप्रिलमध्येच चुन्याचे दोन हात द्यावेत. पांढरे छत ऊन परतवते. गच्चीवरच्या काळ्या टाकीलाही चुना किंवा गोणपाट हवे, नाहीतर जोहरच्या वुजूला हात भाजतात. वीज गेलेली असेल तेव्हा दादी-नानींच्या अंगावर ओले सुती फडके आणि हातपंखा. चाळिशीच्या पुढे पारा गेला की कोरडा पंखा नुसती झळ अंगावर मारतो, म्हाताऱ्या माणसाला ते बाधते. घाम थांबला, कातडी तापली, बोलणे असंबद्ध झाले तर तो उष्माघात समजावा: सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

पहिला पाऊस लागला की कूलर सुकवून, वायर गुंडाळून ठेवावा आणि खिडकी मोकळी करावी. बरीच घरे तो वर्षभर तिथेच ठेवतात, आणि डिसेंबरच्या थंडीत त्याच बंद खोलीत कोळशाची सिगडी आणतात. तिचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही. सिगडी शेकायची तर अंगणात. निजताना ती खोलीत नको, विझत आलेली असली तरी.