आधी तरंगू द्या

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या जलतरण तलावांच्या कट्ट्यावर पालकांची शर्यत सुरू होते. खाली मुलं बेबी टँकमध्ये कठडा धरून पाय मारत असतात आणि वर बसलेले आईबाबा एकमेकांना विचारत असतात, ‘‘तुमचा डीपला गेला का?’’ बॅच महिन्याभराची, फी आगाऊ भरलेली. त्यात तिसऱ्या आठवड्यातही पोरगं बुडबुडेच काढतंय म्हटल्यावर यांचा जीव खालीवर. नातीला सोडायला मीही तिथे बसते. घाई कुठे करूच नये, तर ती याच पायरीवर, हे माझं मत त्या कट्ट्यावर अजून कुणाला पटलेलं नाही.

पाण्यात पोराचं काय होतं ते बघा. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं. घाबरलं की ते डोकं वर काढतं. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात, अंग उभं होतं, आणि मग हातपाय कितीही झाडले तरी जागचं हलता येत नाही. म्हणून जाणते सर आधी पाण्यात श्वास सोडायला लावतात, मग चेहरा बुडवायला, मग उताणं तरंगायला, मग कठड्याला पाय टेकवून सरळ सुटायला. किक त्यानंतर, हात त्याच्याही नंतर, आणि हात मारताना श्वास कधी घ्यायचा हे शेवटी. उताणं तरंगणं मुलांना मुळीच आवडत नाही. कानात पाणी जातं, वर काहीच दिसत नाही, आधाराला मानेखाली सरांचा तळहात तेवढा. पालकांना तर ही पायरी म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा वाटतो. पण दमलेल्या पोराला हातपाय न झाडता, तोंड पाण्याबाहेर ठेवून थांबता येतं ते असंच. दंडाला बांधायचे फुगे माझ्या मते दुकानातच राहू द्यावेत. ते मुलाला पाण्यात उभं ठेवतात, म्हणजे नेमकी उलटी सवय लावतात. आणि फुगे लावून बिनधास्त उडी मारणारं पोर एखाद दिवशी फुग्यांशिवायही तशीच उडी मारतं.

वयाबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सरळ आहे. वर्षाच्या आतल्या बाळांना शिकवून बुडण्याचा धोका कमी होतो, याला पुरावा नाही. वर्षानंतर शिकवायला हरकत नाही, आणि चार वर्षांनंतर बहुतेक मुलांनी शिकायलाच हवं. आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. बॅच पडते ती वयावर नाहीतर आईबाबांच्या ऑफिसच्या वेळेवर. मुलाला काय येतं, हे विचारतो कोण? दहा वर्षांचा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात कठडा घट्ट धरून उभा, आणि शेजारी पाच वर्षांची चिमुरडी सूर मारतेय. मग त्याचं पोट रोज बरोबर बॅचच्या वेळेला दुखू लागतं. अशा मोठ्या नवशिक्यांना वेगळा कोपरा दिला तर ते लहानांपेक्षा लवकर शिकतात, कारण सांगितलेलं समजतं आणि अंगावर ताबा असतो. दुसऱ्या टोकाला, सहा वर्षांच्या मुलाला बटरफ्लाय कधी शिकवणार, असं विचारणारे पालकही आहेत. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये ब्राँझ मिळवलं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण आपल्या पोराला आधी पाण्यातून बाहेर येता यावं, पदकाचं नंतर बघू.

‘आम्हाला तर विहिरीत ढकलून दिलं होतं, आलंच की पोहायला,’ असं सांगणारे आजोबा प्रत्येक कट्ट्यावर असतात. मीही पाठीला पत्र्याचा डबा बांधून गावच्या विहिरीतच शिकले. पण ढकललेल्यांपैकी जे वर आले, तेच ही गोष्ट सांगायला उरले, एवढं त्यांच्या लक्षात येत नाही.

पायऱ्या कशा असाव्यात, हे नेदरलँड्सकडून घ्यावं. त्या देशाचा सुमारे पाव भाग समुद्रसपाटीखाली, गावोगाव कालवे. तिथे मुलं ए, बी, सी अशा तीन पोहण्याच्या पदविका मिळवतात, आणि पहिल्याच परीक्षेत अंगात कपडे, पायात बूट घालून पोहावं लागतं. शिवाय पाण्याखाली ताणलेल्या कापडाच्या भोकातून पार व्हायचं. ए-ला तीन मीटर अंतर, बी-ला सहा, सी-ला नऊ. सीपर्यंत लांब बाह्या आणि वर जाकीटही येतं. अपघाताने पाण्यात पडणारं मूल कॉश्च्युम घालून पडत नाही, हे त्यांनी अभ्यासक्रमातच घेतलंय.

आपल्याकडे हे जास्तच लागू पडतं. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली. शेततळी वाढली, पिकांना पाणी मिळालं, चांगलंच झालं. पण प्लास्टिक अंथरलेला त्यांचा उतार ओला झाला की इतका निसरडा होतो, की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. कडेला बांधलेला दोर आणि भोवती कुंपण नसेल, तर नुसतं पोहणं तिथे पुरत नाही. शहरातली मुलंही मे महिन्यात मामाच्या गावाला जातातच.

म्हणून बॅच संपत आली की सरांना एक विनंती करा. कॉश्च्युम सक्तीचा असतो आणि तो का, हेही ठाऊक आहे. तेव्हा स्वच्छ धुतलेला टी-शर्ट आणि हाफ पँट घरून न्या. सर जवळ असताना मुलाला त्या कपड्यांत पाण्यात पडू द्या, उताणं होऊन श्वास घेऊ द्या, वळून कठडा गाठू द्या. जमलं तर पुढच्या बॅचची फी भरा. नाही जमलं तर हीच पायरी पुन्हा करा, कुणाचा डीपला गेला ते विचारू नका. आणि मूल पाण्यात असेपर्यंत मोबाइल पिशवीत ठेवा. बुडणाऱ्या मुलाला हाक मारायला श्वास उरत नाही.