दोघांचे भांडण, तिसऱ्याला इंजेक्शन

सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात गर्दी असते. रविवारचे जेवण हे त्याचे एक कारण. कुणाला पित्त, कुणाला जुलाब, कुणाचे पोट फुगलेले. महिन्याभरापूर्वी अशाच एका सोमवारी एक काकू आल्या, पण त्यांची तक्रार पोटाची नव्हती. उजव्या हाताला जुन्या सुती साडीचा तुकडा गुंडाळलेला होता. तो सोडला तर आत हळद भरलेली. हळद धुऊन काढल्यावर दातांच्या चार खुणा दिसल्या. त्यातली एक अंगठ्याच्या मुळाशी चांगलीच खोल गेली होती.

"कुत्रा चावला का?" मी विचारले.

"चावला नाही हो डॉक्टर, लागला. आमचेच आहेत दोघं. भांडत होते, मी मध्ये पडले."

घरात कुत्रे दोन. थोरला नऊ वर्षांचा, धाकटा दीड वर्षाचा. रविवारी मटण झाले. जेवणे उरकल्यावर नळीचे एक मोठे हाड अंगणात टाकले गेले. हाड एक आणि कुत्रे दोन. पुढचे सांगायला नकोच. काकूंच्या मागे त्यांचे यजमान उभे होते. निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "डॉक्टर, धाकटा माजलाय. त्याला घाटात सोडून यावं म्हणतो. तुमचं काय मत?"

माझे मत मी त्यांना तिथेच सांगितले. तेच आज थोड्या विस्ताराने मांडतो, कारण दोन-दोन कुत्री पाळणारी घरे आता आपल्याकडे पुष्कळ झाली आहेत. माझे मत असे, की त्या भांडणात दोन्ही कुत्री निर्दोष होती. चूक होती ती एक हाड दोघांच्या मध्ये टाकण्याची.

आधी जखमेचे बघू

मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण कुत्र्यांच्या भांडणात सापडलेला माणूस शेवटी माझ्याकडेच येतो, म्हणून हा विषय या सदरात घेण्याचा मला अधिकार आहे असे समजतो.

घरच्या कुत्र्याचा दात लागला तर बरेच लोक डॉक्टरकडे येतच नाहीत. "आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे," असे म्हणून हळद, चुना किंवा तिखट भरतात आणि मोकळे होतात. हे फार धोक्याचे आहे. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. रेबीजचा विषाणू जखमेतच कमी करण्याचा हा सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय आहे. त्यावर हळद नको, तिखट नको, चुना नको, घट्ट पट्टीही नको. मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर जखमेच्या आत आणि भोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते, शिवाय धनुर्वाताचे पाहावे लागते. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा; पण दहा दिवस वाट बघून मग लस घेऊ, असे कधीही करू नये. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की रोगी हाती लागत नाही.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात, डोस थोडे असतात आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. सबब टाळाटाळ करण्याचे काही कारण उरलेले नाही.

आमच्या घरची गोष्ट

दुसऱ्यांना शहाणपण सांगण्याआधी स्वतःची चूक कबूल करतो. आमच्याकडे मोत्या आला तेव्हा माझ्या थोरल्या बंधूंनी सल्ला दिला होता, "कुत्रं जेवत असताना ताटलीत हात घालायचा. म्हणजे मालक कोण ते त्याला कळतं." मी ते निष्ठेने केले. पहिल्यांदा मोत्या खाता खाता थबकायचा. मग गुरगुरायला लागला. गुरगुरला की मी तोंडावर चापट द्यायचो. महिन्याभरात गुरगुरणे बंद झाले. मला वाटले, जिंकलो.

पुढे घरात बंड्या आला. तीन महिन्यांचे पिल्लू. एका संध्याकाळी ते खेळत खेळत मोत्याच्या ताटलीपाशी गेले. मोत्या गुरगुरला नाही, त्याने दातही दाखवले नाहीत. सरळ कान धरला. बंड्याच्या कानाला ती चीर आजही आहे. गुरगुरणे ही मोत्याची सूचना होती, "पुढे येऊ नको" म्हणून सांगण्याची. ती सूचना मी मारून मारून बंद केली होती, आणि भीती मात्र त्याच्या पोटात तशीच ठेवली होती.

रात्री कानाला मलम लावताना आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, तुम्ही जेवताना रोज कुणी तुमच्या पानात हात घातला तर तुम्ही काय कराल?" मला उत्तर देता आले नाही.

मालक कोण हे कुत्र्याला दाखवून दिलेच पाहिजे, ही समजूत आली कुठून? पुष्कळशी लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने १९४७ मध्ये बंदिस्त ठेवलेल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. कळपात एक म्होरक्या असतो आणि तो इतरांना दाबात ठेवतो, ही कल्पना तिथून पसरली. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. पुढे त्याच मीच यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले, म्हणजे एक कुटुंबच. पुस्तकवाल्याने आपले मत बदलले, आपण मात्र अजून ताटलीत हात घालतो आहोत.

खरे तर ताटलीजवळ कसे जावे, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगितलेले आहे. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. भूतदयेची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो. मला तीत व्यवहारही दिसतो. नामदेव पोळी काढून घ्यायला गेले नाहीत, तूप घालायला गेले. माणूस जवळ आला की काही जाते, असा कुत्र्याचा अनुभव असेल तर तो दात दाखवील. माणूस आला की काही मिळते, असा अनुभव असेल तर शेपूट हलवील. आमच्या सौ.नी तेच केले. मोत्या जेवत असताना जाता जाता चार हात अंतरावरून पोळीचा तूप लावलेला तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचे. मोत्या ताठ झाला तर दुसऱ्या दिवशी आणखी लांबून. दोन महिन्यांनी पावले वाजली की मोत्या मान वर करून बघायला लागला.

उपाय साधे आहेत

पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे जेवण वेगवेगळ्या जागी द्यावे. एकाला मागच्या पडवीत, दुसऱ्याला पुढच्या खोलीत, मध्ये दार लावलेले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एकाला न्हाणीघराजवळ आणि एकाला बाल्कनीत द्यावे. "आम्ही दोघांना शेजारी शेजारी, अगदी सारखं वाढतो," असे लोक अभिमानाने सांगतात. वाटप सारखे केले की मुलांचे समाधान होते. कुत्रा तुकडे मोजत नाही, दुसरा किती जवळ आहे ते बघतो.

दुसरे, जेवणाच्या वेळा ठरवाव्यात. मोठ्या कुत्र्याला दोन वेळा पुरे. पंधरा-वीस मिनिटांनी भांडी उचलावी आणि मगच दार उघडावे. दिवसभर अन्न पडून राहिले की दिवसभर पहारा चालू राहतो. पाण्याची भांडी मात्र दोन ठिकाणी कायम असावीत.

तिसरे, हाडे. शिजवलेले हाड देऊच नये. त्याच्या कपच्या निघतात, घशात अडकतात, आतड्याला भोक पाडतात. रविवारचे ते हाड भांडण लावायलाही वाईट आणि पोटात जायलाही वाईट. चघळायला काही द्यायचेच असेल तर दार बंद करून द्यावे आणि संपल्यावर उरलेले उचलून ठेवावे.

चौथे, खेळणी. चेंडू, दोरी, जुने पायमोजे, काहीही असो. कुत्री दोन असतील तर खेळणी चार-पाच असावीत. एकच चेंडू मध्ये टाकणे म्हणजे पुन्हा ते हाडच. एखादे खेळणे दोघांचेही जीव की प्राण असेल तर ते कपाटात राहावे आणि एकेकट्याशी खेळताना बाहेर यावे. तोंडातली वस्तू सोडवायची असेल तर ओढू नये, मागे धावू नये. तिच्याहून चांगले काही पुढे करावे, तो सोडील. वस्तू निरुपद्रवी असेल तर ती लगेच परतही द्यावी. दिले की परत मिळते, हे एकदा कळले की लपवण्याची गरज उरत नाही. हीच गोष्ट कोचाची, अंथरुणाची आणि मालकाच्या मांडीचीही. कुत्री त्यासाठीही भांडतात.

पाचवे, लक्ष ठेवावे. भांडण अचानक झाले असे सगळेच म्हणतात, पण बहुधा ते तसे होत नाही. आधी कुत्रा खाता खाता थबकतो. अंग ताठ होते. भांड्यावर झुकतो किंवा भराभर गिळू लागतो. मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. मग ओठ वर जातो, मग गुरगुर. यातले काहीही दिसले तर ओरडू नये, मारू नये. दुसऱ्याला लांबून हाक मारून बाजूला घ्यावे.

आणि घरात लहान मूल असेल तर एक नियम पक्का. कुत्रा जेवत असताना, चघळत असताना मुलाने त्याच्या जवळ जायचे नाही. मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असते, हे विसरू नये.

जुंपलीच तर हात घालू नये. गळ्यातला पट्टा धरायलाही जाऊ नये. बादलीभर पाणी टाकावे, पत्र्याचे घमेले आपटावे, पोते किंवा सतरंजी अंगावर टाकावी, मध्ये फळी किंवा खुर्ची सरकवावी. सुटली की दोन खोल्यांत ठेवावी आणि मग दोघांच्या जखमा बघाव्या.

पूर्वी कुठे होती ही थेरं?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. "आमच्या वाड्यात चार कुत्री होती. एकाच दगडीत ताक-भाकरी खायची. कुणी दारं लावली?" खरे आहे. पण वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा असायचा. ज्याला भांडायचे नसे तो आपला तुकडा घेऊन पारावर जाई. आज आपण गेट लावतो, कुंपण घालतो आणि दोघांना वीस फुटांच्या जागेत ठेवतो. पळून जायची वाट आपण बंद केली, तेव्हा अंतर राखून देण्याची जबाबदारीही आपलीच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. सगळी भांडणे घरच्या उपायांनी मिटत नाहीत. शांत कुत्रा एकाएकी चिडका झाला तर दात, कान, सांधे दुखत असतील, नजर कमी झाली असेल. आधी पशुवैद्याला दाखवावे. खोल जखमा पुन्हा पुन्हा होत असतील तर कुत्री कायम वेगळी ठेवावी किंवा एकाला नात्यातल्या, माहितीतल्या घरी द्यावे. त्यात कमीपणा नाही. पण घाटात सोडणे हा उपाय नव्हे. पाळलेले जनावर उपाशी-तहानलेले राहील असे टाकून देणे हा १९६० च्या प्राण्यांच्या छळप्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि लस चुकलेला, घाबरलेला, भुकेला असा आणखी एक कुत्रा रस्त्यावर सोडणे म्हणजे आपल्या अंगणातला धोका दुसऱ्याच्या अंगणात टाकणे.

गुरुजींना मी एवढेच म्हणालो, "तीन आठवडे दोघांना वेगळं जेवायला घाला. त्यानंतरही घाटात जावंसं वाटलं तर मला सांगा." ते काही बोलले नाहीत. शेवटच्या इंजेक्शनाला काकू आल्या तेव्हा जखम भरली होती. अंगठा मात्र अजून पूर्ण वळत नाही, तो थोडा तसाच राहील असे दिसते. धाकटा कुठे आहे, असे मी भीतभीतच विचारले.

"घरीच आहे," काकू म्हणाल्या. "थोरला मोरीपाशी जेवतो, धाकटा जिन्याखाली. आणि मधलं दार हे स्वतः लावतात. मला हात लावू देत नाहीत."