उशिरा आलेले पूर्वज

दिवाळीच्या सुटीत लातूरला बहिणीकडे गेलो होतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला भाचा संगणकापुढे बसून एक जपानी खेळ खेळत होता. व्हिडिओ गेम म्हणजे नुसती मारामारी, हा माझा समज त्या दुपारी मोडला. 'रोल-प्लेइंग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो आणि कित्येक तास चालणाऱ्या कथेतून वाट काढत जातो. पडद्यावर मजकूर इतका, की त्याची सहज एक कादंबरी व्हावी. म्हणूनच हे खेळ जपानबाहेर न्यायचे तर आधी त्यांचा अनुवाद करावा लागतो. भाच्याचे दुखणे नेमके तेथेच होते. "मामा, लेक आधी आला अन् बाप मागून आला, असं झालंय बघा," तो म्हणाला.

त्याने सांगितलेली हकीकत अशी. 'ट्रेल्स' नावाची एक दीर्घ खेळमालिका आहे. तिच्यातील 'ट्रेल्स फ्रॉम झीरो' जपानमध्ये २०१० साली आला आणि 'ट्रेल्स ऑफ कोल्ड स्टील' २०१३ साली. इंग्रजीत मात्र 'कोल्ड स्टील' २०१५ मध्येच पोहोचला, तर 'झीरो'ची अधिकृत इंग्रजी आवृत्ती यायला २०२२ उजाडले. म्हणजे पुढचा भाग सात वर्षे आधी आणि मागचा भाग सात वर्षे नंतर. मूळ रचनेत जे हळूहळू उलगडायचे, ते इंग्रजी खेळाडूला दुसऱ्याच कथेतील एक जुना संदर्भ म्हणून आधीच कळून गेले.

मी हसलो. परंतु नांदेडला परतताना, एस.टी.च्या खिडकीशी बसल्यावर, भाच्याचे वाक्य काही मनातून जाईना. कारण हेच मी यापूर्वी एका चर्चासत्रात ऐकले होते. इंग्रजीच्या एका विद्यार्थिनीने दलित आत्मकथनांवर निबंध वाचला. निबंध अभ्यासपूर्ण होता. त्यात तिने एक विधान केले, की दया पवारांच्या 'बलुतं'वर शरणकुमार लिंबाळे यांच्या लेखनाचा ठसा जाणवतो. सभागृहातील मराठीचे प्राध्यापक एकमेकांकडे पाहून हसले. मीही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते, कारण चूक तिची नव्हती.

तिच्या टेबलावरची पुस्तके पाहा. मराठीतील क्रम असा: 'बलुतं' १९७८, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८०, लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ आणि आपल्या लातूर तालुक्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७. इंग्रजीतील क्रम असा: 'उपरा' १९९७, 'उचल्या' १९९८, 'अक्करमाशी' २००३ आणि जेरी पिंटो यांनी अनुवादित केलेले 'बलुतं' २०१५. ज्या पुस्तकाने मराठीत या लेखनाची वाट मोकळी केली, ते इंग्रजीत सर्वांत शेवटी, सदतीस वर्षांनी पोहोचले. मधल्या काळात त्याचे वेचे संकलनांतून भेटत होते, हे खरे; पण वेचा म्हणजे पुस्तक नव्हे. केवळ इंग्रजीवर विसंबलेल्या वाचकाच्या लेखी 'बलुतं' हे आरंभीचे पुस्तक उरतच नाही. आधीच भरलेल्या कपाटात आलेले ते आणखी एक पुस्तक ठरते.

अनुवादाच्या दिरंगाईविषयी आपण बोलतो तेव्हा 'पुस्तक उशिरा मिळाले' एवढेच म्हणतो. माझे म्हणणे त्याहून वेगळे आहे. उशीर केवळ वेळ खात नाही, तो क्रम बदलतो. आणि क्रम बदलला की वंशावळ बदलते. कोणी कोणाला धीर दिला, कोणाच्या लेखनामुळे कोणाला आपले जगणे सांगावेसे वाटले, हा साहित्येतिहासाचा कणा आहे. अनुवादाच्या मर्जीवर सोडला, की तो मोडतो. भाच्याच्या खेळात फार तर एका रहस्याची गंमत गेली. येथे एका लेखकाचे अग्रत्व गेले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: चांगला अनुवाद वेळ घेतो, घाई कशाला? घाई नकोच. परंतु सदतीस वर्षे हा शब्द घासूनपुसून घेण्याचा काळ नसतो. हिंदी वाचकाला हेच पुस्तक 'अछूत' या नावाने कितीतरी आधी मिळाले होते. तेव्हा ते अनुवादाला अवघड होते, असेही म्हणता येत नाही. उशीर बहुधा अनुवादकाच्या मेजावर होत नाही. हे पुस्तक कोणाला हवे आहे, हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मेजावर होतो.

आणि निर्णय झाला, तर काय होते, हे आपल्या भागाला नवे नाही. नांदेड आणि लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे १९१७ साली 'दार-उल-तर्जुमा' हे अनुवाद कार्यालय उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाचे माध्यम उर्दू. मराठी भाषकाच्या मनातला तो सल खराच. पण विद्यापीठ हवे असेल तर अनुवाद आधी हवा, एवढे शहाणपण त्या व्यवस्थेत होते.

भाच्याच्या हकीकतीचा उत्तरार्ध मला म्हणूनच मोलाचा वाटतो. 'झीरो'ची वाट पाहून थकलेल्या काही चाहत्यांनी एकत्र येऊन स्वतःच त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२० मध्ये तो खुला केला. २०२२ ची अधिकृत आवृत्ती त्याच कामाच्या आधारे निघाली. ज्यांना गरज होती त्यांनी आरंभ केला आणि प्रकाशक मागाहून आले.

आपण काय करतो? देगलूर, बिलोली, धर्माबादकडून येणाऱ्या आपल्या कित्येक विद्यार्थ्यांना तेलुगू कळते. उदगीर, देवणी, निलंग्याकडच्या कित्येकांना कन्नड. ही मुले वर्गात बसतात आणि आपण त्यांना ठरावीक विषयांवरचे ठरावीक प्रबंधिका-लेखन करायला लावतो. त्याऐवजी, लेखकाची रीतसर परवानगी घेऊन, एखाद्या तेलुगू किंवा कन्नड पुस्तकातील एका प्रकरणाचा सटीप अनुवाद प्रबंधिका म्हणून का स्वीकारू नये? मराठी आणि इंग्रजी विभागांनी मिळून मराठवाड्यातील एखादे पुस्तक इंग्रजीत न्यायला काय हरकत आहे? प्रत्येक अनुवादाच्या पहिल्या पानावर मूळ प्रकाशनाचे वर्ष ठळक छापावे, एवढी किमान शिस्त तरी आपण सहज पाळू शकतो.

त्या विद्यार्थिनीला चर्चासत्रात कोणी दुरुस्त केले नाही. पुन्हा भेटली तर तिच्यापुढे मी दोन्ही क्रम लिहून ठेवीन आणि सांगेन, की बाई, तू चुकली नाहीस. बाप घरी यायलाच उशीर झाला.