क्षयाच्या चाचणीतला प्रकाश आणि त्याचा अर्थ

ऊस हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या सातारा-सांगलीत येतात. कराड, वाळवा, पलूस भागात फडांजवळ कोप्या उभ्या राहतात. त्यांतल्या कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर निदान किती लवकर होते याला फार महत्त्व येते. थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून तपासायला काही आठवडे लागतात. तोवर टोळी पुढच्या गावाला गेलेली असते. सीबीनॅट चाचणी हेच उत्तर सुमारे दोन तासांत देते. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते. मात्र तिच्या अहवालाचा अर्थ लावताना अनेकदा गफलत होते.

हे यंत्र जंतू पाहत नाही, जंतूचा डीएनए शोधते. डीएनएचे दोन पदर एकमेकांना घट्ट जोडलेले असतात. ते जोडलेले असेपर्यंत बाहेरची खूण त्यांना चिकटत नाही. म्हणून नमुना तापवून पदर सुटे केले जातात आणि मग खुणेचे धागे आपापली जोडी शोधतात. हा धागा केसांच्या आकड्यासारखा दुमडलेला असतो. एका टोकाला चकाकणारा रंग, तर दुसऱ्या टोकाला ती चकाकी विझवणारा रेणू. जुळणारा पदर सापडला की धागा सरळ होतो, टोके लांब जातात आणि प्रकाश दिसतो.

मूळ सीबीनॅटमध्ये असे पाच धागे आहेत. जंतूच्या ‘आरपीओबी’ जनुकातल्या 81 अक्षरजोड्यांचा भाग ते मिळून तपासतात. रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देत नसेल, तर बहुतेक वेळा बदल इथेच झालेला असतो. एखादे अक्षर बदलले की तिथला धागा नीट बसत नाही आणि अंधारात राहतो, बाकीचे चकाकतात. म्हणजे क्षय आहे, पण रिफॅम्पिसिन लागू पडण्याची शक्यता कमी.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काही अक्षरबदल निरुपद्रवी असतात. औषध तरीही लागू पडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये शिफारस केलेली ‘अल्ट्रा’ चाचणी धागा कोणत्या तापमानाला सुटतो हे पाहून असे काही बदल वेगळे ओळखते. तरीही पहिल्यांदाच क्षय झालेल्या रुग्णात अनपेक्षित प्रतिरोध दिसला, तर दुसऱ्या नमुन्याची फेरतपासणी करणे शहाणपणाचे.

दुसरे म्हणजे, मेलेल्या जंतूचा डीएनएही हा धागा उजळवतो. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर पुन्हा सीबीनॅट करून ‘अजून पॉझिटिव्हच आहे’ म्हणून खचून जाणे किंवा औषध सोडणे चुकीचे ठरते. उपचारांची प्रगती थुंकीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने किंवा कल्चरने पाहतात.

गाव बदलले तरी रुग्णाचा निक्षय क्रमांक बदलत नाही. तो दाखवून नव्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात उपचार पुढे चालू ठेवता येतात.