चालत्या गाडीचा कैवार

खानदेशात जुन्या मोटारसायकलींचा जो वर्ग अद्याप रस्त्यावर टिकून आहे, तो हौशी धनिकांच्या बंगल्यात कापडाखाली झाकून ठेवलेला नाही. धुळ्याच्या देवपुरातून आग्रा रोडने कचेरी गाठणाऱ्या कारकुनाची बुलेट, पारोळा-एरंडोलकडील शेतकऱ्याची राजदूत, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणाऱ्या कामगाराची येझडी, अशा रूपाने तो नित्याच्या कष्टांत गुंतलेला आहे, आणि म्हणूनच त्याचे पुढील आयुष्य मुख्यतः आमच्या व्यवसायबंधूंच्या हाती आहे. अशा गाडीचा मालक गॅरेजच्या दारात उभा राहिला, म्हणजे हल्ली त्याला बहुधा दोनच सल्ले मिळतात : एक, गाडी मोडीत काढा, दुसरा, ती नवी कोरी दिसेल अशी सजवून ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवून घ्या. हे दोन्ही सल्ले आम्हांस अमान्य आहेत. आणि त्यांतील दुसरा आदराच्या वेषात येत असल्यामुळे अधिक घातक वाटतो.

कारण कायद्याचा मजकूर स्पष्ट आहे. केंद्र शासनाने जुलै 2021 मध्ये प्रसृत केलेल्या नियमांनुसार प्रथम नोंदणीस 50 वर्षे उलटलेली, मूळ स्वरूप राखलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते खरी. परंतु 20,000 रुपये भरून मिळणाऱ्या, 10 वर्षे मुदतीच्या त्या दाखल्याबरोबरच नियमित वापराची मुभा संपुष्टात येते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच निमित्ताने ती गाडी पुढे रस्त्यावर येऊ शकते. ज्या माणसाचे रोजचे जाणेयेणे त्या गाडीवर आहे, त्याला हा दाखला घ्यावयास लावणे म्हणजे त्याच्या हातून वाहन काढून घेऊन त्याच्या पदरी एक शोभेची वस्तू बांधणे होय. त्याचा मार्ग निराळा आहे : 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वये पहिली 15 वर्षे सरल्यावर दर 5 वर्षांनी फेरतपासणी करवून, पर्यावरण कर भरून, साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करीत राहावे. मुदत टळण्यापूर्वी ब्रेक, दिवे, हॉर्न आणि चेसिस क्रमांकाची पट्टी यांची निगा राखून गाडी तपासणीस धाडणे हे मेस्त्रीचे काम आहे. ते त्याने एजंटावर सोपवून मोकळे होऊ नये.

यावर कोणी म्हणेल, की रोज राबवल्याने जुने यंत्र झिजते, मग त्याचे जतन कसले? हा आक्षेप वरवर सयुक्तिक वाटला, तरी यंत्राचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. उभ्या गाडीचे सील वाळतात, टाकीत गंज धरतो, ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. त्यातच पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 2022 साली 10 टक्क्यांवर आणि त्यानंतर 20 टक्क्यांपर्यंत गेल्यापासून उभ्या आणि चालत्या गाडीतील हा भेद फार तीव्र झाला आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकी महिनोन्‌महिने भरलेली राहिली तर पाणी धरलेले इथेनॉल तळाशी वेगळे होऊन बसते आणि पहिल्या किकेला तेच कार्बोरेटरात उतरते. ज्याची टाकी वरचेवर रिकामी होऊन ताजी भरली जाते, त्याला या विकाराची बाधा क्वचितच होते. जुन्या रबरी नळ्या, वॉशर आणि पेट्रोलच्या चावीतील बूच मात्र बदललेच पाहिजेत, कारण ते या इंधनासाठी घडवलेले नव्हते. शिवाय मिश्रण हलके पडून प्लगचे पोर्सेलिन पांढरे दिसू लागले, तर मेन जेट एक घर मोठा घालण्याचा विचार करावा. जानेवारीत बसवलेल्या जेटवर मे महिना निभेल असे गृहीत धरू नये.

आणि मे महिना म्हणजे आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यातील मे महिना, की जेथे पारा 45 अंशांपलीकडे जातो. या दिवसांत एक तक्रार गॅरेजोगॅरेजी ऐकू येते. सकाळी एका किकेत सुरू होणारी गाडी दुपारी चौकात बंद पडते, सावलीत थोडा वेळ उभी राहिली की निमूट चालू होते, आणि पुन्हा तापताच दगा देते. मालक म्हणतो कचरा आला. मेस्त्रीही कार्बोरेटर उघडून बसतो. वास्तविक अशा वेळी गाडी गरम असतानाच पॉइंटचे झाकण काढावे आणि इंजिन फिरवून पाहावे : पॉइंटच्या फटीत ठसठशीत पिवळी ठिणगी उडत असेल, तर अपराधी कार्बोरेटर नसून कंडेन्सर आहे. तो बदलून, शक्य तेथे इंजिनाच्या उष्णतेपासून दूर टाकीखाली बसवून, पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मि.मी. ठेवली, म्हणजे बुलेटवाल्याचा उन्हाळा सुखाचा जातो. बाजारातील हलक्या प्रतीचा कंडेन्सर घालून गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा दारात बोलावणे हा आमच्या व्यवसायाला लागलेला कलंक आहे, हे येथे लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो.

या गाड्या आपला दोष स्वतःच सांगतात; ऐकणारा मात्र हवा. 1955 पासून मद्रासेत जुळू लागलेल्या बुलेटचा 70 मि.मी. बोअर आणि 90 मि.मी. स्ट्रोकचा लांब पिस्टन नुसत्या पायाच्या जोराला वश होत नाही. किक अडेपर्यंत दाबावी, डीकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढून ती किंचित पुढे सरकवावी, अँमीटरचा काटा मध्यावर आला की लिव्हर सोडून किक वर येऊ द्यावी, आणि मग एकदाच पूर्ण मारावी. या क्रियेत तो काटा डिस्चार्जकडे झुकलाच नाही, तर पॉइंटवर मळ आहे किंवा वायर तुटली आहे. झुकून मध्यावर परतलाच नाही, तर पॉइंट उघडत नाहीत. पान्याला हात लावण्यापूर्वीच अर्धे निदान झाले. जावा-येझडीत जो लिव्हर किकेचा तोच गिअरचा. तो परत वळवताना किती हिसका बसतो यावरून आतील स्प्रिंगची अवस्था जुना मेस्त्री सांगू शकतो. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना 1996 साली बंद झाला, तेव्हापासून या विद्येला कारखान्याचा आधार उरलेला नाही. ती जिवंत आहे ती केवळ जळगावच्या नेरी नाक्यापासून धुळ्याच्या पाचकंदीलपर्यंत पसरलेल्या छोट्या गॅरेजांत, आणि तीही तोंडी.

हे तोंडीपण आम्हांस सर्वांत अधिक अस्वस्थ करते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने घराघरांतील दप्तरांतून वेचून त्यांचे 22 खंड सिद्ध करणारे इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच निवर्तले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या शहरात आजही कागद जपून आहे. अशा मुलखातील कारागिरांनी आपले ज्ञान कागदावर न उतरवता सोबत घेऊन जावे, हे आम्हांस शोभत नाही. प्रत्येक गॅरेजात जुन्या गाड्यांची एक वेगळी वही असावी. तीत गाडीचा क्रमांक, तक्रार मालकाच्याच शब्दांत, सापडलेला दोष, बसवलेला भाग व तो कोठून आणला, जेटचा क्रमांक, ओव्हरसाइज पिस्टनचे माप आणि गाडी पुन्हा कधी आली त्याची तारीख, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. काम शिकणाऱ्या पोराकडून त्या लिहून घ्याव्यात, म्हणजे त्याचा हात आणि कान एकदमच तयार होतील.

पुढील अंकापासून अशा वह्यांतील निवडक नोंदींसाठी या मासिकाची दोन पाने आम्ही राखून ठेवीत आहोत. मालकाचे नाव वगळून, शक्य तर तुटलेल्या भागाच्या छायाचित्रासह, नोंदी महिन्याच्या 10 तारखेपर्यंत पाठवाव्यात. उन्हाळा तोंडावर आहे, तेव्हा पहिला मान कंडेन्सरच्या नोंदींना मिळेल.